आठवं नाणं

फार पूर्वी, राजे स्वतःची टांकसाळ चालवत त्या काळी, एका नगरात नाण्यांचे ठसे कोरणारी एक तरुणी होती.

एका पुरात नगराचा बांध फुटायला आला. सात जण दिवसभर छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी तो वाचवला. राजाने त्यांच्यासाठी सोन्याची नाणी पाडायला सांगितली. फक्त सात. मग ठसा फोडून टाकायचा.

सातवं नाणं पडलं आणि नगरशेठ आत आला. दुर्मीळ नाणी जमवण्याचा त्याला भारी नाद. म्हणाला, "माझ्यासाठी आणखी एक पाडा. सोनं मी आणलंय."

टांकसाळीचा म्हातारा प्रमुख लगेच वाकला. "पाड गं पोरी. एकाने काय होतंय?"

"राजाने सात सांगितलीत, काका."

"चाळीस वर्षं झाली मला इथे! तू मला शिकवणार?"

"चाळीस वर्षांत सातपर्यंत मोजता आलं नाही, तर शिकवावंच लागेल."

प्रमुख लालबुंद झाला. "पाड! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घरात ती एकटीच कमावती होती. तरी ती शेठकडे वळली.

"शेठजी, हे नाणं तुम्हाला कशाला हवं?"

"जगात सातच आहेत म्हणून!"

"मी आठवं पाडलं, की सात कुठे राहिली? मग तुमच्या हाती काय आलं?"

शेठने पुढे केलेलं सोनं मागे घेतलं. तिने हातोडा उचलला, एका घावात ठसा फोडला आणि ताठ मानेने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बांधावर नाणी दिली गेली. प्रमुखाने पुढे ठेवलेले ठशाचे तुकडे पाहून राजाने विचारलं, "कुणी फोडला?"

"मीच, महाराज," प्रमुख म्हणाला.

"खोटं!" शेठ पुढे आला. "आठवं नाणं मागणारा मी. पाडायला सांगणारे हे. ठसा फोडला तो मागे उभ्या असलेल्या त्या मुलीने, नोकरीवर पाणी सोडून."

राजाने टांकसाळीच्या किल्ल्या तिथल्या तिथे तिच्या हाती दिल्या.

"एवढीशी पोर?" दरबारातले जाणते कुजबुजले.

त्या सातांपैकी एक होडीवाली ओरडली, "आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा वय विचारायला आला नव्हता कुणी!"

पुढे शेठ वाटेल ती किंमत द्यायला तयार होऊन सातही घरी गेला. एकानेही नाणं विकलं नाही.

तात्पर्य एवढंच: सोनं पुष्कळांकडे असतं. त्याला दुर्मीळ करतो तो वेळेवर 'नाही' म्हणणारा माणूस, आणि 'नाही' म्हणायला केस पांढरे व्हावे लागत नाहीत.