आगटी कुणी विझवली?

काडेपेटी नावाची वस्तू अजून कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका उंच डोंगरावर एक गाव होतं. गावाच्या मधोमध, पारापाशी, एक आगटी कायम धुमसत असे. सकाळ झाली की बायका खापरीत तिथला विस्तव घेऊन जात आणि आपापली चूल पेटवत. रात्री आगटी राखायची पाळी एका घराची, लाकडं घालायची दुसऱ्या घराची. आणि आगटी कधी विझलीच, तर ज्याच्या हातून विझली त्यानेच डोंगराखालच्या कुंभारांच्या भट्टीतून नवा विस्तव आणायचा, दुसऱ्या कुणी नाही, असा वाडवडिलांचा नियम होता.

ऐन थंडीत एका सकाळी आगटी विझलेली सापडली. राखेत हात घातला तरी ऊब लागेना. त्या रात्री राखण होती म्हाळसाची आणि लाकडं होती भागूआजीच्या घरची.

मग काय विचारता! सारा गाव पारावर जमला. विस्तव आणायचा तर आधी दोषी सापडायला हवा ना! तसं दोष देण्याच्या कामात हे गाव मोठं तरबेज. कुणी बोट दाखवी, कुणी खापर फोडी, कुणी हात झटकी, तर कुणी कानांवर हात ठेवून मोकळा होई. शब्दांना तोटा नव्हता. आणि या शब्दांत भागूआजीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"माझी लाकडं कडकडीत वाळलेली होती!" आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हिचाच डोळा लागला असणार. झोपाळू मेली!"

"मी टक्क जागी होते," म्हाळसा रडवेली होऊन म्हणाली. "तुमची लाकडंच ओली. नुसता धूर, नुसता धूर!"

निम्मा गाव आजीकडे झाला, निम्मा म्हाळसाकडे. पाटील म्हणाले, "साक्षी काढा." साक्षी निघाल्या. मग साक्षीदारांचीच आपसांत जुंपली. चुली थंड, पोरं उपाशी, आणि सूर्य माथ्यावर आला तरी निवाडा काही होईना.

बोलून बोलून आजीच्या घशाला कोरड पडली. घोटभर पाणी प्यावं म्हणून ती घरी आली. घरात तिची बाळंतीण सून बाजेवर होती आणि शेजारी नुकतीच जन्मलेली नात. मुलगा मेंढरं घेऊन दूर गेलेला. बाजेखालची शेगडी सकाळपासून गार पडली होती.

"आत्याबाई," सून हळूच म्हणाली, "होत्या नव्हत्या त्या सगळ्या वाकळा घातल्या हिच्यावर. तरी बघा ना, रडतसुद्धा नाही आता."

आजीने वाकळांखाली हात घातला. नातीचे इवलेसे तळपाय गार लागले. सकाळपासून आपण बोलत होतो, आणि सकाळपासून हे पाय गार होत होते! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हिला उघड्या अंगाशी धर, पोरी. सोडू नको," एवढं सांगून तिने मडकं उचललं, तळाशी राख घातली आणि ती पारावर आली.

"विस्तव माझ्या हातून विझला," ती म्हणाली.

पाटलांनी विचारलं, "म्हणजे लाकडं ओली होती तर?"

"ते नंतर बसून ठरवा. आता माझं नाव धरा आणि मला जाऊ द्या."

आणि ती डोंगर उतरू लागली. गुडघे कुरकुरत होते, वाट निसरडी होती, पण आजी थांबली नाही. थोडं अंतर गेल्यावर मागून कुणीतरी धावत आलं. म्हाळसा होती ती. तिने आजीच्या हातातलं मडकं घेतलं.

"आजी, डोळा लागला होता माझा," ती मुसमुसत म्हणाली. "तुमच्या तोंडाला भ्याले हो."

आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि माझी खालची मोळी दमट होती, बाई. मलाही ठाऊक होतं. चल, पाय उचल."

दिवस मावळायच्या आत दोघी राखेत निखारे जपून परतल्या. आजीने आधी शेगडी भरली. हळूहळू खोलीत ऊब पसरली, नातीचे पाय कोमट झाले आणि मग ती अशी काही रडली की ते ऐकून आजीलाही रडू फुटलं. उरलेल्या निखाऱ्यांवर म्हाळसाने आगटी पेटवली.

दुसऱ्या दिवशी गावाने नियम बदलला. ज्याला राख गार लागेल, त्यानेच निघायचं. चूक कुणाची ते आगटी पेटल्यावर, तिच्याभोवती हात शेकत बोलायचं. तेव्हापासून चुका कबूल व्हायला वेळ लागेनासा झाला आणि म्हाळसाची पाळी असली की भागूआजी तिच्या सोबतीला जाऊन बसू लागली.

तात्पर्य : दोष कुणाचा हे ठरेपर्यंत संकट थांबून राहत नाही, म्हणून बोट दाखवण्याआधी हात कामाला लावावा.