आमदारसाहेबांची पंगत

गावजेवणाची आमटी निवत आली, तरी आमदार रंगरावांचं भाषण काही संपेना. "नेता म्हणजे पंगतीतला वाढपी!" ते गरजले. "आधी लोकांचं ताट, मग आपलं. आणि कायदा? तो सगळ्यांना सारखा!"

टाळ्या पडल्या आणि साहेब कार्यकर्त्यांसह थेट पहिल्या पंगतीत जाऊन बसले. तिथे कधीपासून ताटकळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठावं लागलं.

पंगतीची व्यवस्था बघणाऱ्या हौसाकाकूंनी आमटीची बादली आणून साहेबांपुढे ठेवली.

"वाढा की," साहेब म्हणाले.

"मी कशी वाढू? वाढपी तर तुम्ही! आणि आमच्या गावात वाढपी शेवटच्या पंगतीला जेवतो. कायदा सगळ्यांना सारखा, आत्ताच म्हणालात."

अख्खा मंडप खो खो हसला. साहेबांनाही हसू आवरेना. ते बाह्या सरसावून उठले, मागोमाग कार्यकर्ते उठले आणि म्हातारी मंडळी पुन्हा पानावर बसली.

साहेबांनी पळी बुडवली, तसे पहिल्या पानावरचे तात्या म्हणाले, "साहेब, तळापासून ढवळा, जरा डाळ येऊ द्या. वरचं पाणी भाषणातच पोटभर झालं."