मांजरदांड्याची ओहोटी

समोर पाण्यात ते हिरवं टेकाड दिसतं ना, ते मनीबेट. आणि भाटवेळच्या या किनाऱ्यापासून तिथवर आता जी वाळूची पट्टी उघडी पडायला लागली आहे, तो मांजरदांडा. एरवी तिथं दोन पुरुष पाणी असतं. फक्त वैशाखी पौर्णिमेच्या सांजेला, ओहोटी पार तळाला गेली की दांडा वर येतो. मोबाइल जरा खिशात ठेवा मंडळी, वाळू काही पळून जात नाही. आणि बेटावरच्या आखूड, वाकड्या शेपटीच्या मांजरांची जात कोणती, हे मघापासून चौघांनी विचारलंत. ते सांगतो, पण आधी रवळोजीची गोष्ट ऐकावी लागेल.

फार पूर्वी, असं सांगतात, हे नांदतं बंदर होतं. रवळोजी इथल्या भाताच्या कोठाराचा राखणदार. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. एका पावसाळ्यात खडकावर तारू फुटलं आणि फळीला बांधलेली एक तान्ही पोर वाहत आली. तिचे आईबाप कोण, कुठल्या मुलखाचे, कुणालाच कळलं नाही. रवळोजीनं तिला उचललं, भाताची पेज पाजून वाढवलं. तारवातून आली म्हणून तिचं नाव तारू.

बंदर म्हटलं की उंदीर आले आणि कोठार म्हटलं की मांजरं. गलबतागणिक परमुलखातली मांजरं उतरायची, गावातल्यांत मिसळायची, आणि पिल्लं व्हायची ती नाना तऱ्हेची. कबरी, वाघी, तिरंगी, काळी कुळकुळीत. नावं अंगावरच्या रंगावरून, तीही हाक मारण्यापुरती. सांजेला तारू सुकट घातलेला भात घेऊन पायरीवर बसली की सगळी एका पंगतीला यायची.

मग विसाजी खोतांना एका सौदागरानं पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांची जोडी नजर केली. झालं! खोतांना जातिवंतपणाचं वेड लागलं. त्यांनी फर्मान काढलं, की गावातली मांजरं निवडा. अस्सल विलायती एका टोपलीत, अस्सल गावठी दुसऱ्या टोपलीत. मिसळीची तेवढी बेटावर नेऊन टाका.

निवडायचं काम अर्थातच कोठारावर आलं. तारूनं पहिलंच वेत उचललं आणि खोतांसमोर नेलं. आई पट्ट्यापट्ट्यांची, साधी. पिल्लं तीन. एक लांबकेशी पांढरं, एक हुबेहूब आईसारखं, एक तिरंगी.

"खोतबाबा, आई एक, वेत एक. कुणाला कुठल्या टोपलीत घालू?"

"केस लांब ते विलायती. त्यात काय एवढं?" खोत म्हणाले.

"गेल्या साली अशाच लांबकेशीला सगळी वाघी पिल्लं झाली. मग ती कोण?"

खोत चिडले. केसांवरून कळत नसेल, तर ज्याचा बाप ठाऊक तेवढंच ठेवा, म्हणाले. आता तुम्हीच सांगा, बोक्याचा ठावठिकाणा कुणी ठेवलाय? एकाच वेतातल्या पिल्लांचे बापसुद्धा वेगवेगळे असू शकतात! टोपल्या राहिल्या बाजूला, गावातली यच्चयावत मांजरं होडीत चढली. मागं राहिली ती खोतांच्या गादीवरची जोडी.

होडी सुटणार, तेवढ्यात तारू त्यात जाऊन बसली. म्हणाली, "माझा तरी बाप कुणाला ठाऊक आहे?"

खोतांनी वळून विचारलं, "काय रे रवळोजी, ही कुणाची?"

साधा प्रश्न होता. रवळोजीच्या ओठांवर उत्तरही होतं. पण खोतांची चाकरी, खोतांचं छप्पर, आणि उभा जन्म मान खाली घालून काढलेला. त्याची जीभ टाळ्याला चिकटली. तारूनं बापाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ती बोलली, ते शब्द अजून गावाच्या तोंडी आहेत. "या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्यावरून येईल, त्या दिवशी समुद्र मला वाट देईल. तोवर या गावचा घास मला वर्ज्य." होडी गेली. बेटाकडे कुणी होडी घालायची नाही, अशी खोतांनी ताकीद दिली.

त्या दिवसापासून रवळोजी रोज सांजेला दोन ताटं वाढायचा. एक त्याचं, एक रिकाम्या पाटापुढं. बेटावर धूर दिसला की पोर जिवंत आहे एवढं कळायचं, आणि मगच त्याच्या घशाखाली घास उतरायचा. आपण बोललो असतो तर, एवढाच विचार त्याला रात्रंदिवस खात होता. लोक म्हणायचे म्हातारा भ्रमिष्ट झाला. झाला असेल, पण भात दोघांचाच शिजायचा.

बरीच वर्षं गेली. बेटावर बाहेरचं मांजर जाईना, तिथलं बाहेर येईना. आपसातच विणी होत गेल्या. नेलेल्यांत एक वाकड्या शेपटीचा बोका होता म्हणे, त्याची शेपटी पोराबाळांत, नातवंडांत उतरत गेली, आणि हळूहळू सगळं बेटच वाकड्या शेपटीचं झालं. मिसळीची म्हणून टाकलेली, तीच एकसारखी दिसायला लागली. इकडं गादीवर भाऊबहिणींचीच वीण चालली होती. पिल्लं होत ती नाजूक, निम्मी जन्मतः बहिरी. कानाशी उंदीर नाचला तरी डोळा उघडेना.

अशात एका वैशाखात कुठल्याशा गलबतातून उंदरांची झुंडच उतरली. कणग्यांना भोकं पडली. पोटाचा भात तर गेलाच, पेरणीचं बियाणंही जायला लागलं. ते गेलं की गाव उठलं म्हणून समजा. खोतांनी जाळी देऊन माणसं बेटावर पाठवली, पण मांजरं कसली हाती लागतात! ओरबाडलेले हात घेऊन सगळे परत आले.

पौर्णिमेची सांज होती. गाव किनाऱ्यावर हवालदिल होऊन उभं होतं. रवळोजी घरातून आला, हातात वाढलेलं ताट. कुणाशी न बोलता तो सरळ पाण्यात शिरला. गुडघाभर, कंबरभर. लोक ओरडले, "अहो, बुडाल!" त्यानं ताट डोक्यावर घेतलं आणि हाक मारली, "तारू, भात निवतोय गं! जेवायला चल, बाय माझी!"

आणि पाणी उतरू लागलं. कंबरेचं गुडघ्याला आलं, गुडघ्याचं घोट्याला. ज्या जागी कधी कुणी वाळू पाहिली नव्हती, तिथं पायाखाली वाळू लागली. पलीकडून एक बाई चालत येत होती. तिच्यामागं मांजरांची रांग, वाकड्या शेपट्या वर करून.

बापलेक मध्यावर भेटले. तिनं ताटाला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. तेवढ्यात किनाऱ्यावरून खोतांचा आवाज आला. सवयच ती, जाते कुठं. "ही एवढी सगळी कुणाची?"

"माझी!" रवळोजी गरजला. "ही माझी, आणि हिच्यामागची सगळी माझी!"

तारूनं तिथंच, ओल्या वाळूवर बसून पहिला घास घेतला. बापाला रडू आवरेना. बियाणं वाचलं हे वेगळं सांगायला नको. निम्मी मांजरं गावात राहिली, निम्मी बेटावर परतली.

तर आता तुमचा प्रश्न. मागं एक जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, जात ठरते ती केसांवरून नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या माहितीवरून. गावातली ही घरगुती मिसळीचीच, ती रंगावरूनच ओळखायची. पण बेटावरच्यांची नीट नोंद ठेवलीत तर उद्या तीही जात ठरेल. आम्ही म्हटलं, बाई, आधी जेवून घ्या.

आजही भाटवेळमध्ये आलेल्याला 'तू कुणाचा' असं कुणी विचारत नाही, 'जेवलास का' विचारतात. तुम्हालाही सकाळी तेच विचारलं, आठवतंय? 'कुणाचा' हा प्रश्न वर्षातून एकदाच विचारायचा, आज, या ओहोटीला. ते बघा, खोतांचा वंशज पाण्याशी जाऊन उभा राहिला. बेटावरून मांजरं निघालीत. आता तो ओरडेल, "ही कुणाची?" आणि अख्खा किनारा एका आवाजात उत्तर देईल. तुम्हीही द्या. रवळोजीसारखा वेळ घालवू नका.