शिडी, मापटं आणि शेणाचे हात

जंगलातले प्राणी एकाच कणगीतलं धान्य खात, तेव्हाची गोष्ट. कणगीत दाणे ओतायचं काम उंदराचं, काढायचं खारीचं. दोघांनाही शिडी आणि मापटं लागे, आणि दोन्ही एकेकच होतं.

एका सकाळी उंदराने मापटं उचललं, खारीने शिडी.

"शिडी दे," उंदीर म्हणाला.

"आधी तू मापटं दे."

"माझं काम झाल्यावर देईन."

"मग मीही तेव्हाच देईन!"

दोघं फुगून बसली. दुपारपर्यंत पिल्लं भुकेने रडायला लागली.

कारभारी अस्वल आलं. "कणगी बिघडलीय," म्हणत त्याने ती शेणाने लिंपून काढली. काय ती अक्कल! तरी दाणा निघेना, तेव्हा त्याने उंदराला एक ठेवून दिली. मापटं सुटलं, खारीने दाणे काढले, अस्वलाने सत्कार करून घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा तशीच अडून बसली. अस्वलाने पुन्हा शेण मागवलं.

उपाशी पिल्लांची आई मैना भडकली. "कणगीला काय झालंय? कोण काय धरून बसलंय, ते बघा की! यापुढे दोघांनीही आधी शिडी घ्यायची. शिडी नसेल त्याने मापट्याला हात लावायचा नाही."

तिसऱ्या दिवशी शिडी खारीला मिळाली. उंदीर रिकाम्या हातांनी थांबला, मग त्याचंही काम झालं. पिल्लं जेवली.

अस्वलाने मात्र अजून हात धुतलेले नाहीत. कणगी कोणी दुरुस्त केली असं विचारलं, की ते शेणाचे हात पुढे करतं.