ठकूचा वाटा

धामणवाडीच्या घाटात बैलवाटसुद्धा पडलेली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. श्रावणात तिथं असं धुकं उतरायचं, की हातातली काठी दिसायची नाही. दर साली एखादं माणूस कड्यावरून जायचं. म्हणून गावानं ठरवलं, कड्यावर मोठी घंटा टांगायची. ओतायची कुणी? ठकू ओतारणीनं आणि तिच्या नवऱ्यानं, सुभानानं.

तांबं गावानं दिलं. पण नुसत्या तांब्याला कंठ नसतो. त्यात कथील पडलं की कासं होतं, आणि कासं बोलतं. कथील मिळायचं बंदरावर. नारळी पुनव झाली तसा सुभाना ते आणायला निघाला. "आठव्या दिवशी दारात," म्हणाला. मागोमाग धुकं उतरलं.

बारा दिवस झाले. ठकू रोज कड्यावरून हाका मारायची. मारून मारून तिचा घसा पार बसला. मग तिनं भट्टीच पेटवली.

"अगं, कथील कुठंय?" पाटलीणबाईनं विचारलं.

"कथील वाटेवर आहे, बाई. पण आणणाऱ्याला वाट कोण दाखवील?" ठकू कुजबुजली.

पाटलीणबाई मोठ्या मनाची. कथील नाही तर सोनं घे, म्हणून तिनं गळ्यातल्या पुतळ्या मुशीत टाकल्या. तिचं बघून कुणी नथ टाकली, कुणी बुगडी. घंटा दिसायला झाली देखणी, पण ठोका दिला तर ओल्या लाकडागत 'थद्द'. 

पाटलीणबाईनं ठकूसाठी पातेल्यातून कढी आणली होती. ठकूनं पातेल्यात पाहिलं आणि पाहतच राहिली.

"बाई, ही कल्हई! कल्हई म्हणजे कथीलच की!"

"घे मग पुसून."

"पण बिनकल्हईच्या भांड्यात आंबट कळकेल. सगळ्यांची पोटं बिघडतील."

"मडक्यात रांधू. खुळे, तुझा माणूस येऊ दे आधी!"

घरोघरची भांडी तापली, कापसानं कल्हई पुसून निघाली. जमलं मूठभर. पण ती मुकी घंटा पुन्हा वितळवून मुशीत ओतायला घेतलं तर ते संपेचना, असं म्हणतात.

नव्या घंटेवर ठोका पडला आणि धुकं दुभंगलं, असं म्हणतात. सुभाना तेव्हा कड्याच्या टोकाला होता, एक पाऊल टाकायचं बाकी. तो तिथूनच वळला. पाठीवर कथील घेऊन दारात आला आणि म्हणाला, "केवढ्यानं ओरडतेस गं! घाट दणाणला नुसता."

त्याला घंटा ऐकूच आली नव्हती. ठकूची हाक ऐकू आली होती. तिचा घसा मात्र पुन्हा कधी उघडला नाही.

सुभानानं आणलेल्या कथलानं घरोघरच्या भांड्यांना पुन्हा कल्हई झाली. पण दर घरानं एक भांडं तसंच ठेवलं. आजही धामणवाडीत नवी सून आली की सासू आधी ते बिनकल्हईचं भांडं दाखवते. "यात ताक नको घालूस हं. हा ठकूचा वाटा." आणि धुक्यात कुणाचं माणूस यायचं राहिलं, तर त्या घरची बाई कड्यावर जाऊन घंटा वाजवते. तोंडानं हाक मारत नाही. ते काम ठकूचं.