पुंजाचे माळकरी मासे

एका गावात पुंजा नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? तर 'जरा डोकं लाव' म्हटलं, की तो भिंतीला डोकं लावून उभा राहायचा. कुणी जेवायला हाक मारीपर्यंत तिथेच.

त्याची आत्या सगुणाबाई शेततळ्यात रोहू-कटला पाळायची. तिचा सारा भरवसा गटारीवर. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला, की महिनाभर गावात माशाला कोण विचारतो? मासे मात्र श्रावण पाळत नाहीत. त्यांना रोज खायला लागतं.

त्यात सुकट महागली. आजवर तीच कुटून माशांना घालायची पद्धत. मग मत्स्य खात्याच्या साहेबांनी सांगितलं, "बाई, सुकट सोडा. शेंगदाण्याची पेंड घाला, सोयाबीनचा भरडा घाला, अळ्या घाला. वर हळद, लसूण, तुळस. मासे आजारी पडणार नाहीत."

आत्याला पटलं. "आपलं मासं आता माळकरी झालं," ती हसत म्हणाली. "लसूण आन् अळ्या तेवढ्या सुटंनात."

पुंजाने ते मनावर घेतलं. रोज सकाळी तळ्याकाठी हात जोडून तो माशांना "रामकृष्ण हरी" म्हणू लागला.

एक दिवस आत्या म्हणाली, "पुंजा, तळ्यात पेंड टाक."

पुंजाने टाकली. शिवलेल्या पोत्यासकट. बुडबुडे आले आणि पोतं दिसेनासं झालं.

"अरं मेल्या! आधी उसवायचं, भिजवायचं, लाडू वळायचं, हळद-लसूण लावायची, मग टाकायचं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवतो."

मग आत्याने त्याला बाजारातून नवं जाळं आणायला पाठवलं. पुंजाने आणलं. मांडी घालून बसला आणि सगळं जाळं नीट उसवलं. भिजवलं. लाडू वळले. हळद-लसूण लावली आणि तळ्यात टाकले. माशांनी हुंगून सोडून दिले.

आत्याने कपाळाला हात लावला. "अरं, जाळं म्हंजी काय पेंड हाय का? दोन्ही टोकं धरून ताणायचं आन् उन्हात वाळत घालायचं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवतो."

पुढे साहेबांनी डबाभर जिवंत अळ्या पाठवल्या. डबा पुंजाच्या हाती पडला. त्याने एकेक अळी दोन्ही टोकं धरून ताणली आणि दोरीवर वाळत घातली. फार नाजूक काम. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या चिमण्या जेवून गेल्या.

आत्या रडकुंडीला आली. "अरं, जित्या जिवाला कुणी उन्हात टाकतं का? आता एवढं तरी ऐक. जितं काही दिसलं की तडक पाण्यात टाकायचं!"

"बरं आत्या. हे तर सोपं हाय."

गटारी उजाडली. बन्सीशेठ व्यापारी टेम्पो घेऊन आला. आत्याच्या जाळ्याचे तर लाडू झालेले. तिने शेजारच्या भिकाजीचं जाळं मागून आणलं. मासे निघाले. काय मासे होते! पेंड खाऊन नुसते टरारलेले. क्रेट भरभरून काठावर लागले. भिकाजी आपलं जाळं घेऊन दुसऱ्या गावच्या तळ्यावर गेला. बन्सीशेठ खूश. आत्याला तर आभाळ ठेंगणं झालं.

"शेठ, च्या घ्या आधी," ती म्हणाली. "पुंजा, माशांकडं ध्यान दे."

पुंजाने ध्यान दिलं. मासे तडफडत होते. तोंडं उघडत होते, मिटत होते.

"अरेच्चा, जिते हायत की!"

मग काय! "रामकृष्ण हरी" म्हणायचा आणि एक मासा पाण्यात सोडायचा. "रामकृष्ण हरी", दुसरा. चहा पिऊन दोघं परत आली, तेव्हा तो रिकामे क्रेट धूत होता.

आत्या मटकन खालीच बसली. जाळं गेलेलं, उद्या श्रावण.

बन्सीशेठ मात्र लालबुंद झाला. "सगुणाबाई, हा काय पोरखेळ लावलाय? मी जिता आहे तोवर तुमच्या तळ्यावर पाऊल ठेवणार नाही!"

पुंजाने मान वर केली.

"शेठ, तुम्ही जिते हाय?"

"मग काय मेलोय?"

"रामकृष्ण हरी," पुंजा म्हणाला, आणि दिला ढकलून.

धप्पकन आवाज झाला. आत्या किंचाळली, "अरं मुडद्या, हे काय केलंस!"

पुंजाने धोतराला हात पुसले. "एकच राहिला होता, आत्या."