भोक पडलेलं बेलपान

"अण्णा, एक धड पान मिळेना आज. मोडलं का हो माझं व्रत?"

देवळामागच्या बेलाखाली बसलेल्या भिकूअण्णांनी मान वर केली.

प्रमिलाची लेक पहिलटकरीण. ती सुखरूप मोकळी होऊ दे, चातुर्मासभर रोज एक बेलपान वहीत काढून तुला दाखवीन, असं प्रमिला शंभूला बोलली होती. चित्रकलेचा गंध नव्हता. रानाची राखण करता करता चाळीस वर्षं झाडंपाखरं वहीत उतरवणाऱ्या अण्णांनीच तिच्या हाती पेन्सिल दिली.

"वही बघू."

अण्णा पानं उलटत गेले…

"शंभराच्या वर बेलपानं. एकालाही किडा शिवला नाही?"

"किडकं देवाला चालत नाही ना! निवडून, धुऊन घेते मी."

"मग हा बेल इथला नव्हे, बाय. थेट कैलासावरचा असणार!"

ती हसली, पण डोळे भरून आले. लेकीला आठवा लागला होता. आज खंड पडून कसं चालेल?

हाताला येणाऱ्या फांदीवर त्यातल्या त्यात एक पान बरं होतं. कडेला भोक, मधोमध पाखराची शीट.

"एवढी घाण धुते. भोक वहीत बुजवीन," म्हणत तिने तांब्या उचलला.

अण्णांनी तांब्यावर हात ठेवला.

"धुऊ नकोस. नुसती बघ."

ती बघत राहिली…

घाण हलली. जराशी पुढे सरकली, आणि पानाची कड कुरतडू लागली.

"अगं बाई! अळी!"

"फुलपाखराची. लहान आहे अजून."

"आणि मी रोज पानं धूत होते…"

अण्णांनी तांब्यावरचा हात काढून घेतला.

"देवाच्या पानावर जेवायला बसलीय मेली!" प्रमिला हळूच म्हणाली.

"बसू दे. तुझी लेक जेवत असली की ताट ओढतेस का?"

प्रमिलाने तांब्या खाली ठेवला. पदराने डोळे टिपले, वही गुडघ्यावर घेतली. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली…

"अण्णा, सुरुवात कुठून करू?"

अण्णांनी आपली जुनी, पावसाचे डाग पडलेली वही उघडून तिच्यापुढे धरली.

"मी आधी भोक काढतो, बाय. पान मागाहून भोवती येतं. तूही तसंच करून बघ."